दोघांनी मिळून ठोठावायचे दार

ख्रिस्तसभेच्या अगदी प्रारंभकाळी जेरुसलेममधील श्रद्धावंतांमध्ये एक कुरबूर सुरू झाली. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, असे ते गाऱ्हाणे होते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ही हकिगत आहे. त्यावर उपाय म्हणून सात जणांची निवड करण्यात आली. संत स्तेफन त्यांपैकीच एक. म्हणजे अन्न होते, वाटपही नियमित चालू होते, तरी काही जणी नजरेतून सुटत होत्या. धर्मग्रामातील सेवाकार्यापुढची खरी अडचण आजही बहुधा हीच असते.

संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची कार्यपद्धती याच अडचणीतून वाट काढते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे मोजके सोबती एकत्र आले. पूर्वी चर्चने पुष्कळ केले असेल, पण आज तुम्ही गरिबांसाठी काय करता, असा टोमणा त्यांना वादविवादात ऐकावा लागला होता. या तरुणांना उत्साह होता, अनुभव मात्र नव्हता. गरीब वस्तीत सेवा करणाऱ्या धर्मभगिनी रोझाली रांद्यू यांनी त्यांना घरे दाखवली आणि त्या घरांत कसे वागावे हेही शिकवले. ओझानाम यांना १९९७ मध्ये, तर सिस्टर रोझाली यांना २००३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘धन्यवादित’ म्हणून घोषित केले.

धर्मग्रामातील या सोसायटीच्या शाखेला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. तिचे सदस्य प्रापंचिक असतात. सभेत प्रार्थना होते, भेट दिलेल्या घरांची माहिती सांगितली जाते आणि शेवटी एक पिशवी फिरवली जाते. प्रत्येक जण तीत हात घालून यथाशक्ती दान टाकतो. कोणी किती टाकले हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचाही मान अशा रीतीने राखला जातो.

परंतु या कार्याचा गाभा म्हणजे गृहभेट. दोन सदस्य मिळून गरजूंच्या घरी जातात, बसतात, ऐकतात. रेशनसाठी मदत मागणाऱ्या कुटुंबात प्रत्यक्षात कोणाची तरी औषधे बंद झालेली असतात, हे कार्यालयात अर्ज भरून घेताना सहसा कळत नाही. चर्चच्या आवारात रांगेत उभे राहण्याचा संकोच वाटणारी माणसे तर अर्जच करीत नाहीत. काल-परवापर्यंत बऱ्यापैकी चाललेले घर आजारपणाने किंवा नोकरी गेल्याने कोलमडते, तेव्हा हा संकोच अधिकच असतो. भेटीत ऐकलेली गोष्ट बाहेर बोलायची नाही, हे पथ्य म्हणूनच महत्त्वाचे. धान्याची पिशवी हाती देताना छायाचित्र काढण्याची जी प्रथा अलीकडे सर्वत्र बोकाळली आहे, ती आम्हाला या पथ्याशी विसंगत वाटते. घेणाऱ्याच्या मुलांनाही ते छायाचित्र कधीतरी दिसणार असते.

मदत कोणाला, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. उत्तर साधे आहे : गरजवंताला. त्याचा धर्म, जात किंवा धर्मग्रामाच्या नोंदवहीतले नाव पाहिले जात नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या ‘देउस कारितास एस्त’ या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की, प्रेमसेवा हे धर्मांतराचे साधन होऊ नये. आपल्याकडे भाड्याच्या खोल्यांत परगावाहून आलेली कितीतरी कुटुंबे राहतात. त्यांना येथे नातलग नसतात आणि अडचणीच्या वेळी कोणाकडे जावे हेही माहीत नसते. अशा घरांची खबर धर्मगुरूंपेक्षा शेजाऱ्याला, दुकानदाराला किंवा शाळेतील बाईंना आधी लागते. ती कॉन्फरन्सच्या कोणत्याही सदस्याला खासगीत सांगता येते. त्यासाठी स्वतः सदस्य असण्याची गरज नाही.