पौडच्या पावसातली ब्लॉकची भिंत

काँक्रीट ब्लॉकची भिंत हे मुळशी तालुक्यातल्या घरबांधणीचे आजचे सर्रास रूप आहे. चांदणी चौकातून भूगाव, भुकूम, पिरंगुट ओलांडून पौडकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना राखाडी भिंती दिसत राहतात. कुठे बंगल्याच्या, कुठे गोठ्याच्या, कुठे नुसत्याच प्लॉटला घातलेल्या कंपाउंडच्या. ही भिंत झपाट्याने उठते आणि विटेपेक्षा कमी मसाला खाते. एवढ्यामुळेच ती सोपी समजली जाते आणि तिथेच फसगत होते. ब्लॉक दाबाला सहसा हार जात नाही. भिंत बिघडते ती पाण्याने. ब्लॉकमध्ये शिल्लक राहिलेले पाणी, सांध्यातून आत शिरलेले पाणी, पायाखाली मुरलेले पाणी आणि भिंतीमागे तुंबलेले पाणी, अशा चार वाटांनी ते येते. पौडसारख्या, सह्याद्रीच्या माथ्यावरून उतरणारा पाऊस झेलणाऱ्या गावात बांधकाम आणि दुरुस्ती या दोन्हींचा विचार या चार वाटांवरूनच करावा लागतो.

ब्लॉक येण्याआधी या भागात भिंतीचे तीन प्रकार होते. डोंगरकपारीच्या वाड्यावस्त्यांवर कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप दिलेली भिंत असे. गावठाणात जोत्यापर्यंत काळा दगड आणि वर मातीत रचलेले दगड किंवा कच्च्या विटा असत. पुढे भट्टीची वीट आली. मुळशीतल्या नदीकाठच्या गाळमातीवर वीटभट्ट्या वाढल्या, आणि त्यांवर राबणाऱ्यांत कातकरी कुटुंबे मोठ्या संख्येने असत. भट्टीला सुपीक माती लागते, जळण लागते, आणि पावसाळ्याचे चार महिने ती बंद असते. ब्लॉकला लागणारी खडी, कच आणि क्रश सँड मात्र इथल्याच बेसॉल्टच्या खाणीतून आणि क्रशरवरून मिळते. नदीच्या वाळूवर निर्बंध आले तशी क्रश सँड रुळली आणि ब्लॉकचे पारडे जड झाले. केंद्र सरकारने 14 सप्टेंबर 1999 रोजी काढलेल्या अधिसूचनेने औष्णिक वीज केंद्रांच्या आसपास बांधकाम साहित्यात राख वापरण्याची सक्ती आणली. पुढच्या दुरुस्त्यांनी त्या सक्तीचा पल्ला वाढत गेला. राख घातलेला ब्लॉकही त्यानंतर बाजारात सहज मिळू लागला.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. भरीव ब्लॉक, पोकळ ब्लॉक आणि हलका एएसी ब्लॉक. या तिसऱ्याला पुणे जिल्ह्यातले गवंडी कोणत्याही कंपनीचा असला तरी सिपोरेक्सच म्हणतात. हे नाव स्वीडनमधून आले. तिथल्या सिपोरेक्स तंत्राने बी. जी. शिर्के यांच्या उद्योगसमूहाने पुण्यात मुंढव्याला 1970च्या दशकात कारखाना घातला आणि ते नाव इथे घरोघरी झाले. पौड परिसरात घराच्या बाहेरच्या भिंतीला आणि कंपाउंडला भरीव ब्लॉकच जास्त लागतो. तो ‘चार इंची’, ‘सहा इंची’, ‘आठ इंची’ अशा जाडीवरून ओळखतात. लांबी साधारण 400 आणि उंची 200 मिमी. 10 मिमी सांधा धरून चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक बसतात, म्हणजे 100 चौरस फुटांना सुमारे 116. सहा इंची भरीव ब्लॉक 26 किलोच्या आसपास भरतो. तो दिवसभर उचलणाऱ्या बिगाऱ्याच्या कमरेचा विचार ठेकेदाराच्या हिशेबात क्वचितच असतो, आणि तो असायला हवा. एएसीचा 600 मिमी लांबीचा सहा इंची ब्लॉक आकाराने मोठा असूनही कोरडा असताना 11 किलोच्या आतबाहेरच भरतो.

ब्लॉकचे भवितव्य कारखान्याच्या अंगणातच ठरते. सिमेंट, क्रश सँड, बारीक खडी आणि जेमतेम ओल येईल एवढे पाणी असा कोरडसर माल यंत्राच्या साच्यात हादरे देऊन दाबतात. साचा उचलला की ब्लॉक जागच्या जागी उभा राहतो. त्या वेळी त्याच्यात आकार असतो, ताकद नसते. ताकद येते पुढच्या पाणी मारण्याने. ‘आयएस 2185’च्या पहिल्या भागानुसार ब्लॉक किमान 14 दिवस सतत ओला राहिला पाहिजे आणि त्यानंतर चार आठवडे वाळला पाहिजे. म्हणजे आज पाडलेला ब्लॉक भिंतीत जायला सहा आठवडे लागतात. हंगामाच्या घाईत हे सहा आठवडे आठवड्यावर येतात, आणि पुढच्या निम्म्या तक्रारींचे मूळ तिथे असते.

घेणाऱ्याला त्याची परीक्षा जागेवर करता येते. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज यावा. कोपरे बोटाने खरवडून पडू नयेत. गाडीतले दहा-बारा ब्लॉक टेपने मोजावेत; प्रमाणानुसार लांबीत 5 मिमी आणि उंची-रुंदीत 3 मिमी एवढाच फरक चालतो. सगळ्यात उपयोगी परीक्षा पाण्याची. पूर्ण कोरडा ब्लॉक वजन करून 24 तास पाण्यात बुडवावा आणि पुसून पुन्हा तोलावा. प्रमाणाला मान्य असलेले शोषण वजनाच्या 10 टक्के, म्हणजे 26 किलोचा ब्लॉक 28.6 किलोच्या वर जाता कामा नये. त्याहून जास्त पाणी पिणारा ब्लॉक पौडच्या श्रावणात भिंतीला कायमची ओल देणार.

ओला ब्लॉक भिंतीत गेला तर काय होते? काँक्रीट वाळताना आकसते. हे आकसणे 0.05 टक्के धरले तरी 10 मीटर लांबीच्या भिंतीत ते 5 मिमी होते. भिंत खाली जोत्याला आणि कडेला खांबांना जखडलेली असते, त्यामुळे तिला सरकायला जागा नसते आणि ती कुठेतरी फाटते. बहुतेकदा खिडकीच्या कोपऱ्यातून. म्हणूनच ‘आयएस 2572’ सांगते की ब्लॉक बांधताना भिजवू नयेत. उन्हाळ्यात फार तर वरचा आणि बाजूचा पृष्ठभाग किंचित ओलसर करावा. विटेचे काम करून आलेला गवंडी मात्र सवयीने टाकीत बुडवूनच ब्लॉक उचलतो. वीट भिजवणे बरोबर असते, कारण कोरडी वीट मसाल्यातले पाणी ओढून घेते. ब्लॉकला तोच नियम लावणे चूक आहे.

पौडच्या जमिनीत एक खास अडचण आहे. पुष्कळसे प्लॉट पूर्वीच्या भातखाचरात पडलेले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून खाचराच्या तळाशी पाणी धरून ठेवणारा थर तयार झालेला असतो. आंबेमोहोराला आणि इंद्रायणीला तो हवाच असतो. घराला तो घातक. काळी माती पावसात फुगते आणि वैशाखात भेगाळते. तिच्यावर टेकलेला पाया वर्षातून एकदा वर उचलला जातो आणि एकदा खाली बसतो. म्हणून चर मुरमापर्यंत न्यावा, मग तो तीन फुटांवर लागो की पाच. तळ धुमसून, सोलिंग आणि पीसीसी करून, वर आरसीसी पाया किंवा प्लिंथ बीम घालावा. खोदलेली काळी माती पुन्हा चरात लोटू नये. भराई मुरमाची करावी. बांध फोडून खाचराचे पाणी ज्या वाटेने वाहत होते, ती वाट कंपाउंडने अडवली जाणार नाही हेही याच वेळी पाहावे.

भिंत उचलताना आधी कोपऱ्यांचे ब्लॉक ओळंब्यात आणि पाणसळीत बसवतात, मग दोरी ताणून मधला रद्दा भरतात. पहिला रद्दा सरळ बसला की वरचे काम अर्ध्या मेहनतीत होते. दोन रद्द्यांचे उभे सांधे एकावर एक येऊ नयेत. सहा आणि आठ इंची भिंतीला एकास सहा मसाला पुरतो, चार इंचीला एकास चार. सिमेंट जास्त घातले की भिंत पक्की, ही समजूत ब्लॉकच्या बाबतीत उलटी पडते. मसाला ब्लॉकपेक्षा कडक झाला तर आकसताना पडणारी भेग सांध्यातून न जाता ब्लॉक चिरत जाते, आणि तशी भेग दुरुस्त करणे अवघड. मसाल्यात थोडा चुना असेल तर तो पाणी धरून ठेवतो आणि सांध्याला लवचीकपणा देतो. जुन्या चुन्याच्या कामाची ही चांगली गोष्ट सिमेंटच्या लाटेत विसरली गेली.

सर्वांत जास्त दुर्लक्ष उभ्या सांध्याकडे होते. ब्लॉकच्या टोकाला थापीने मसाल्याची दोन बोटे लावली, शेजारच्याला टेकवला, की बाहेरून सांधा भरलेला दिसतो आणि आत पोकळ राहतो. मुळशीत पश्चिमेकडून येणारी झड अशा पोकळीतून थेट घरात पोचते. सांधा पूर्ण भरावा आणि वरून दाबून कोरावा. एका दिवसात भिंत दीड मीटरपेक्षा उंच नेऊ नये. तुळईखालचा शेवटचा सांधा लगेच न ठासता खालची भिंत बसल्यावर काही दिवसांनी ठासावा. आरसीसी खांब आणि ब्लॉक यांच्या जोडावर प्लास्टरच्या आधी दोन्ही बाजूंना वीतभर जाईल अशी जाळी ठोकावी. पश्चिमेच्या भिंतीला प्लास्टरचे दोन हात द्यावेत आणि छपराची वळचण त्या बाजूला जास्त पुढे काढावी. हे शेवटचे काम जुन्या घरांत आपोआप होत असे. आताच्या सपाट स्लॅबच्या बंगल्यांत ते गळाले आहे.

भूकंपाचाही विचार हवा. 2016च्या भूकंपविषयक प्रमाणानुसार पुणे जिल्हा तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येतो. 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा भूकंप आणि 30 सप्टेंबर 1993चा किल्लारीचा भूकंप, या दोन्हींनी मातीत रचलेल्या दगडी भिंती किती जीवघेण्या ठरतात हे दाखवले. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात काँक्रीट ब्लॉकची घरे मोठ्या प्रमाणात उभी राहिली. पण नुसता ब्लॉक बदलून भागत नाही. भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा लागतो. जोत्यावर आणि दारा-खिडक्यांच्या माथ्यावर, तीन इंच जाडीचा, दोन सळया आणि रिंगा घातलेला काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून अखंड फिरवावा. कोपऱ्यावर तो तुटला तर त्याचा उपयोग निम्म्याहून कमी होतो.

आता कंपाउंड. घराच्या भिंतीला आधार देणाऱ्या आडव्या भिंती असतात, डोक्यावर स्लॅब असतो. कंपाउंडची भिंत एकटी उभी असते, आणि तिच्यावर पैसा सर्वांत कमी खर्च होतो. 29 जून 2019च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला मुसळधार पावसात भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळून 15 जण गेले. त्यानंतर 1 जुलैच्या रात्री आंबेगाव बुद्रुकला तशाच भिंतीखाली 6 जणांचा जीव गेला. दोन्हीकडे मेलेली माणसे बांधकामावर राबणारी किंवा त्यांच्या घरची होती. घरे बांधणाऱ्यांनाच भिंतीच्या पायथ्याशी झोपावे लागते, ही या विषयातली सर्वांत लाजिरवाणी बाब आहे.

अशा भिंती का पडतात, हे साध्या गणिताने कळते. उताराच्या प्लॉटवर वरच्या बाजूला भराव असतो आणि कंपाउंडची भिंतच त्या भरावाला अडवते. आठ इंची भरीव ब्लॉकच्या 1.5 मीटर उंच भिंतीचे वजन दर मीटर लांबीला साधारण 660 किलो. तिच्यामागे तेवढ्याच उंचीचे नुसते पाणी तुंबले तर ते दर मीटरला 1100 किलोहून जास्त जोराने ढकलते. पाण्याची ही उलथवण्याची शक्ती, भिंत स्वतःच्या वजनावर जेवढे सावरू शकते त्याच्या आठपट भरते. वर भिजलेल्या मातीचा दाब वेगळा. तेव्हा भराव अडवायचा असेल तर ब्लॉकची कंपाउंड भिंत त्यासाठी वापरूच नये. आरसीसी किंवा रुंद पायाची दगडी धारक भिंत अभियंत्याकडून काढून घ्यावी. धारक भिंतीमागे फूटभर रुंदीचा खडीचा थर आणि भिंतीतून आरपार, बाहेरच्या बाजूला उतार दिलेले पाइप हवेत. पाइपांची तोंडे दरवर्षी मृगाआधी मोकळी करावीत. सपाट जागेवरच्या साध्या कंपाउंडला तीन मीटरवर आरसीसी खांब, खाली प्लिंथ बीम आणि माथ्यावर पाणी झटकणारी उतरती कोपिंग एवढे केले तरी ती पिढीभर टिकते. लांब भिंतीत दर सहा-आठ मीटरवर दोन स्वतंत्र खांब घेऊन मध्ये मोकळा सांधा सोडावा.

दुरुस्तीची वेळ पाऊस ओसरल्यावर येते, पण तिची सुरुवात प्लास्टर फोडण्याने करू नये. आधी भेग वाचावी लागते. प्लास्टरवरच्या केसासारख्या जाळीदार भेगा बहुधा वरवरच्या असतात. खांबाच्या कडेने सरळ उभी गेलेली भेग जोडाची, जाळी न ठोकल्याची. सांध्यासांध्याने पायऱ्या पायऱ्यांनी चढणारी आणि वर रुंद होत जाणारी भेग पाया खचल्याची. भेगेवर पेन्सिलीने आडव्या खुणा करून तारीख लिहावी किंवा काचेची पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवावी. काच फुटली तर हालचाल चालू आहे. काळ्या मातीवरची भेग आषाढात मिटते आणि वैशाखात उघडते. असा एक फेरा पाहिल्याशिवाय ती बुजवणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

थांबलेली भेग इंग्रजी व्ही आकारात अर्धा-पाऊण इंच कोरावी, धूळ काढावी, कडा ओलसर करून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरावी. सांध्यातून गेलेल्या रुंद भेगेला शिवण घालतात. एकाआड एक आडवे सांधे दोन इंच खोल कोरून भेगेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट जाईल अशी 6 मिमीची न गंजणारी सळी आत बसवतात आणि सांधा न आकसणाऱ्या मसाल्याने भरतात. फुटलेला एखादाच ब्लॉक बदलायचा असेल तर आधी चहूबाजूंचा सांधा ड्रिलने मोकळा करावा. घणाने घाव घातला तर शेजारचे चार ब्लॉक हलतात. पोकळी साफ करून तळाशी मसाला पसरावा, नव्या ब्लॉकच्या दोन्ही टोकांना आणि माथ्याला मसाला लावून तो सरकवावा आणि उरलेली फट पातळ पट्टीने ठासावी.

ओलीवर रंग लावून काही साधत नाही. भिंतीच्या पायथ्याशी पांढरा लोणा फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा आत जातो. मग पाणी येते कुठून ते शोधावे: जोत्याला टेकलेली बागेची माती, स्लॅबच्या कडेचा तुटका पाइप, पोकळ उभा सांधा. माती जोत्याखाली किमान सहा इंच उतरवली आणि भिंतीलगत बाहेर उतार असलेला कोबा केला, की पुष्कळ घरांची निम्मी ओल पुढच्या पावसाळ्यापर्यंत जाते. प्लास्टर फुगलेले असेल तर आवाजावरून पोकळ भाग ओळखून तेवढाच काढावा आणि भिंत पूर्ण वाळल्यावरच नवा हात द्यावा.

झुकलेल्या भिंतीला मात्र टेकू आणि प्लास्टर चालत नाही. ओळंबा सोडून पाहावा. सहा इंची भिंतीचा माथा दोन इंच बाहेर गेला असेल तर ती उतरवणेच योग्य. आधी झुकलेल्या बाजूची माणसे, जनावरे आणि वाहने हलवावीत. मागचा भराव वरून खाली थराथराने काढून पाण्याला वाट द्यावी. भरावाचा भार असताना खालचा ब्लॉक काढणे धोक्याचे. मग माथ्यापासून एकेक रद्दा उतरवावा. चांगले ब्लॉक मसाला झाडून पुन्हा वापरता येतात. नवा पाया मुरमापर्यंत नेऊन ते रचावेत, आणि हे काम पौडमध्ये दिवाळीनंतर सुरू करून होळीपर्यंत संपवावे, म्हणजे पाणी मारायला हवा थंड असते आणि वाळायला पुढचा उन्हाळा पूर्ण मिळतो.