तुमच्या पैशातून झालेलं संशोधन तुमच्यापर्यंत का पोहोचत नाही? पॉडकास्टनं नेमकं काय बदललं?

पीएचडीबद्दल विद्यापीठांमध्ये एक जुना विनोद सांगतात. प्रबंध एकूण तीनच लोक वाचतात: लिहिणारा, गाईड आणि परीक्षक. त्यातही गाईडनं पूर्ण वाचला असेलच असं नाही.

विनोद सोडला तरी मुद्दा गंभीर आहे. दुष्काळ, शेती, जात, आजार, भाषा अशा विषयांवर देशात सतत संशोधन होत असतं. त्यातला मोठा खर्च सरकार करतं, म्हणजे पैसा जनतेचा असतो. पण हे संशोधन छापून येतं बहुतेक इंग्रजी जर्नल्समध्ये, आणि यातली अनेक जर्नल्स वाचायला पैसे मोजावे लागतात.

यावर उपाय म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली. ३ वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये आणि सुमारे १३ हजार जर्नल्स असा तिचा पसारा आहे. मात्र ही सोय सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांमधल्या विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधकांसाठी आहे. संस्थेच्या बाहेर असलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न उरतोच. आणि जर्नल हातात पडलं, तरी त्यातली भाषा समजायला हवी.

इथेच पॉडकास्ट कामाला येतात.

पॉडकास्ट म्हणजे नेमकं काय?

'पॉडकास्ट' हा शब्द पहिल्यांदा वापरला पत्रकार बेन हॅमर्स्ली यांनी, फेब्रुवारी २००४ मध्ये, ब्रिटनच्या 'गार्डियन' वर्तमानपत्रातल्या एका लेखात. 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' यांची ती जोडणी होती.

तंत्र साधं आहे. आवाजाची फाइल इंटरनेटवर ठेवायची आणि तिची नोंद एका यादीत करायची. ऐकणाऱ्याचं ॲप ती यादी तपासत राहतं आणि नवा भाग आला की दाखवतं. त्यासाठी ना रेडिओ केंद्राची वेळ मिळवावी लागते, ना संपादकाची परवानगी. एक बरा माइक आणि शांत खोली असली की सुरुवात होते.

प्राध्यापक माइकसमोर आले

सगळ्यात मोठं उदाहरण बीबीसी रेडिओ ४ च्या 'इन अवर टाइम'चं. मेल्विन ब्रॅग यांनी १९९८ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. पद्धत ठरलेली: एक विषय, त्या विषयाचे सहसा तीन अभ्यासक आणि पाऊण तासाच्या आसपास चर्चा. सम्राट अशोक आणि भगवद्गीतेवरही यात भाग झाले. २०२५ मध्ये ब्रॅग बाजूला झाले, तोवर १ हजारहून जास्त भाग झाले होते. बीबीसीनं अगदी सुरुवातीला डाउनलोडसाठी खुल्या केलेल्या कार्यक्रमांपैकी हा एक.

दुसरं उदाहरण तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पीटर ॲडमसन यांचं. २०१० मध्ये त्यांनी तत्त्वज्ञानाचा इतिहास कुठलाही टप्पा न गाळता सांगायचं ठरवलं. भारतीय तत्त्वज्ञानाची वेळ आली, तेव्हा त्या विषयाचे अभ्यासक जोनार्डन गणेरी यांना त्यांनी सोबत घेतलं. न्याय, चार्वाक, नागार्जुन असं सगळं त्यात आलं. पुढे २०२० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं त्याचं पुस्तकही काढलं. म्हणजे आधी ऐकवलं आणि मग छापलं.

इतिहासाच्या बाबतीत सुनील खिलनानी यांचं 'इन्कार्नेशन्स' सांगता येईल. ५० व्यक्तींमधून भारताची गोष्ट सांगणारी ही मालिका २०१५ मध्ये बीबीसी रेडिओ ४ वर सुरू झाली. मलिक अंबर, शिवाजी महाराज, जोतीराव फुले आणि डॉ. आंबेडकर यांच्यावर त्यात स्वतंत्र भाग आहेत.

ऐकण्यात वेगळं काय आहे?

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. लोकलमध्ये उभं राहून कुणी शोधनिबंध वाचणार नाही, पण ऐकू शकतो.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. समोर बसलेला माणूस "म्हणजे काय?" असं विचारतो आणि प्राध्यापकांना सोपं सांगावंच लागतं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. निबंधात निष्कर्ष दिसतो. गप्पांमध्ये तो कसा निघाला, कुठे अडलं, कशाबद्दल अजून खात्री नाही, हेही कळतं.

पण खरं-खोटं कोण तपासणार?

जर्नलमध्ये छापण्याआधी त्याच विषयाचे इतर तज्ज्ञ निबंध तपासतात. पॉडकास्टला अशी चाळणी नसते. जानेवारी २०२२ मध्ये जो रोगन यांच्या पॉडकास्टमधल्या कोविडविषयक दाव्यांवर शेकडो डॉक्टर, संशोधक आणि आरोग्य क्षेत्रातल्या लोकांनी स्पॉटिफायला खुलं पत्र लिहिलं. त्यानंतर कोविडवरच्या भागांसोबत खात्रीशीर माहितीची लिंक देऊ, असं कंपनीनं जाहीर केलं.

यावर एक प्रयोग कॅनडात झाला. प्राध्यापिका हॅना मॅकग्रेगर यांच्या 'सीक्रेट फेमिनिस्ट अजेंडा' या पॉडकास्टची विल्फ्रिड लॉरिए युनिव्हर्सिटी प्रेसनं इतर अभ्यासकांकडून तपासणी करून घेतली आणि त्यांचे अभिप्रायही सगळ्यांसाठी खुले केले. पॉडकास्टलाही संशोधनाचा दर्जा देता येतो का, हे त्यातून पाहायचं होतं. कारण नोकरी आणि बढतीच्या वेळी निबंध मोजले जातात, पॉडकास्टचे तास सहसा कुणी मोजत नाही. त्यामुळे इच्छा असूनही अनेक प्राध्यापक याकडे वळत नाहीत.

मराठीत काय?

विद्वानांनी लोकांसमोर येऊन बोलायचं ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकारानं १८७५ मध्ये सुरू झाली. आज बीबीसी मराठीचं 'गोष्ट दुनियेची' जगातले अवघड प्रश्न तज्ज्ञांच्या मदतीनं मराठीत उलगडून सांगतं.

तरी या लेखातली बहुतेक उदाहरणं इंग्रजीतली आहेत. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवर, ज्या वस्तीच्या पाण्यावर अभ्यास होतो, त्या लोकांना निष्कर्ष त्यांच्या भाषेत क्वचितच ऐकायला मिळतो. तसं झालं तर "आमच्या गावात हे असं नाही" असं सांगायची संधीही त्यांना मिळेल, आणि त्याचा फायदा संशोधनालाच होईल.

तोवर पुढचा पॉडकास्ट शेअर करण्याआधी चार गोष्टी बघा. बोलणाऱ्यानं त्याच विषयावर काम केलंय का? मूळ निबंधाची किंवा पुस्तकाची लिंक दिलीये का? "हे अजून नक्की माहीत नाही" असं ते कुठे म्हणतात का? आणि चूक झाली तर ती जाहीरपणे दुरुस्त करतात का?

चारही उत्तरं 'हो' असतील, तर बिनधास्त फॉरवर्ड करा.