वारा, मनोरा आणि हौशी रेडिओ

वैशाखात दुपार कलली की देवळीच्या क्षितिजावर ढग जमतात, धुळीची भिंत उठते आणि वळवाच्या सरीआधी वारा येऊन धडकतो. टिनाचे पत्रे वाजू लागतात, वीज जाते, आणि पुष्कळदा मोबाइलही मुका होतो. अशा वेळी ज्याच्याकडून काही आशा धरावी असा एक छंद आहे. तो म्हणजे हौशी रेडिओ. सरकारची परीक्षा देऊन व परवाना घेऊन ही मंडळी स्वतःच्या यंत्रावरून दूरदेशीच्या सोबत्यांशी बोलतात. 1993 साली किल्लारीच्या भूकंपानंतर, 1999 साली ओडिशाच्या महाचक्रीवादळात आणि 2001 साली भूजच्या भूकंपानंतर याच मंडळींनी निरोप पोचविण्याचे काम केले. परंतु वादळात ज्याने उपयोगी पडावयाचे, त्याचाच मनोरा पहिल्या झपाट्यात आडवा झाला तर? म्हणून आज आम्ही यंत्राविषयी न बोलता मनोऱ्याविषयी बोलणार आहोत.

मनोऱ्याच्या माथ्यावर एक नळ उभा असतो, त्याला मास्ट म्हणतात. त्यावर आडवे एरियल बसविलेले असते. ज्या देशाशी बोलावयाचे त्या दिशेला एरियलचे तोंड करावे लागते. ते काम खाली बसविलेली मोटार करते, तिला रोटेटर म्हणतात. 20 मीटर लहरींच्या यागी एरियलची एकेक काडी सुमारे 10 मीटर लांब असते, यावरून वाऱ्याला केवढे सावज मिळते याची कल्पना येईल.

आता वाऱ्याचा हिशेब पाहू. भारतीय मानक 875, भाग 3 यात शहरवार वाऱ्याचा वेग दिला आहे. आपल्या नागपूरला तो सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर आहे. पुण्याला 39 मीटर. हा रोजचा वारा नव्हे. जमिनीपासून 10 मीटर उंचीवर, पन्नास वर्षांत एखादे वेळी येईल असा क्षणभराचा झपाटा तो. वेगाचा वर्ग करून 0.6 ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. नागपूरसाठी हा दाब चौरस मीटरला सुमारे 118 किलो भरतो, पुण्यासाठी 93. वेग आठव्या हिश्श्याने वाढला, पण भार पाव हिश्श्याहून अधिक वाढला! वेग दुप्पट झाला तर भार चौपट होतो. ‘एवढा वारा सोसला, आणखी थोडा सोसेल’ हे म्हणणे म्हणूनच फसवे आहे.

समजा, एरियलने वाऱ्याला अर्धा चौरस मीटर अंग दिले. म्हणजे सुमारे 60 किलोचा आडवा धक्का. ते एरियल मनोऱ्याच्या वरच्या बेअरिंगपासून 2 मीटर उंच असेल, तर मास्ट त्या बेअरिंगपाशीच वाकू पाहतो. तेथे दीड इंची मध्यम जातीचा पाण्याचा नळ असेल तर पोलादावर चौरस मिलीमीटरला सुमारे 25 किलोचा ताण पडतो. आणि असे पोलाद 20 किलोच्या आसपासच कायमचे वाकू लागते. नळ दोन इंची घेतला तर तोच ताण 14 वर येतो. एरियल 1 मीटरवर आणले तर दीड इंची नळातही ताण निम्मा होतो. यातून दोन नियम निघतात: नळ जाड घ्यावा, आणि जड एरियल बेअरिंगच्या जितके जवळ बसेल तितके बसवावे. बाजारात पाण्याच्या नळावर रंगाचा पट्टा असतो. पिवळा हलक्या जातीचा, निळा मध्यम, तांबडा जड. तो पाहूनच नळ घ्यावा. नळात सिमेंट भरल्याने वजन वाढते, बळ फारसे वाढत नाही. आणि बेअरिंगपाशी जोड तर कधीच असू नये.

रोटेटर निवडताना लोक तो किती वजन फिरवितो एवढेच विचारतात. खरा प्रश्न वेगळा आहे: थांबल्यावर तो वाऱ्याला किती दाद देत नाही? झपाटा एरियलच्या एका बाजूस अधिक लागला की ते वावटळीतल्या पाचोळ्याप्रमाणे गरकन वळू पाहते, आणि तो पीळ थेट दातेरी चाकांवर येतो. यास उपाय म्हणजे भक्कम ब्रेक किंवा मळसूत्री चाक. मोटारीचा जॅक आठवा: दांडा फिरविला की गाडी उचलली जाते, पण गाडीच्या भाराने दांडा उलटा फिरत नाही. तेच तत्त्व येथे आहे. शिवाय रोटेटर मनोऱ्याच्या आत खाली ठेवावा आणि माथ्यावर बेअरिंग द्यावे; म्हणजे आडवा धक्का बेअरिंग सोसते आणि रोटेटरकडे फक्त फिरविण्याचे काम उरते.

एवढे करूनही पाया कच्चा असेल तर सारे व्यर्थ. आपली काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्या वरच्या थरात रोवलेला खुंटा वर्षभरात हलतो, तणावा सैल पडतो. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खणावा, आणि मृगाच्या आधी व दसऱ्यानंतर प्रत्येक तणाव्याचा ताण पाहावा. विजेसाठी मनोऱ्याला जाड तांब्याची तार जोडून ती जमिनीत खोल न्यावी. आणि गडगडाट सुरू होताच यंत्राची जोडणी काढून ठेवावी.

शेवटी एक गोष्ट सांगून आम्ही थांबतो. मनोरा आपल्या आवारात उभा असतो, पण पडताना तो शेजाऱ्याच्या आवाराचा विचार करीत नाही. त्याच्या उंचीहून अधिक अंतरावर विजेच्या तारा असाव्यात, रस्ता असावा, शेजारचे घर असावे. एरियल तुटले तर नवे घेता येते. पण तारेवर पडलेल्या नळाला हात लावून गेलेला माणूस परत आणता येत नाही. हिशेब कागदावर करण्यास एक संध्याकाळ पुरते. ती संध्याकाळ वादळाच्या आधीची असावी, एवढेच आमचे सांगणे.