केमो संपली, आता पुढे?

ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट संपली की घरात पेढे वाटले जातात आणि सुरू होतो 'तू फक्त आराम कर' नावाचा अखंड कार्यक्रम! तुमच्या आईचं, काकूचं असंच चाललंय का? मग या वीकेंडला हे वाचाच.

माझी मावशी कुपवाडला एमआयडीसीजवळ राहते. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं जवळच मिरजेत झालं. घरी आल्यावर मात्र तिला कुणी पाण्याची कळशीही उचलू देईना. वर्षभरात वजन वाढलं, खांदा आखडला, जिना चढताना धाप लागायला लागली. सगळे म्हणाले, अशक्तपणा आहे, आणखी झोप!

खरं तर केमोनंतरचा थकवा पडून राहून जात नाही, चालण्याने कमी होतो. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, हे टार्गेट जगभर सांगितलं जातं. मुंबईच्या टाटा मेमोरियलने तर ८५० पेशंट्सना घेऊन योगासनांची मोठी ट्रायल केली. तिचे निष्कर्ष मांडले गेले, तेव्हा योग करणाऱ्यांचा थकवा आणि वेदना कमी झालेल्या दिसल्या. आणि कळशीचं काय? २००९ मध्ये अमेरिकेत, हाताला सूज असलेल्या १४१ जणींच्या अभ्यासात काहींना हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. सूज वाढली नाही! अर्थात हे फिजिओथेरपिस्टला विचारून. पहिल्याच दिवशी सिलिंडर उचलायचा नाही.

आता हळद. २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालेली सांगलीची हळद म्हणजे आमच्याकडे सर्व रोगांवर इलाज. मावशीला कुणीतरी कर्क्युमिनच्या कॅप्सूल आणून दिल्या. ती टॅमॉक्सिफेन घेते. नेदरलँड्समध्ये १६ पेशंट्सचा एक छोटा अभ्यास झाला, २०१९ चा. त्यात कर्क्युमिनसोबत घेतल्यावर टॅमॉक्सिफेनपासून शरीरात बनणारा मुख्य कामाचा घटक कमी झाला, मिरीचा अर्क जोडल्यावर आणखी कमी. आमटीतली चिमूटभर हळद बिनधास्त खा हो, प्रश्न कॅप्सूलचा आहे! मावशीच्या डॉक्टरांनी त्या तडक बंद केल्या.

ही हार्मोनची गोळी पाच वर्षं, कधी दहा वर्षंही घ्यावी लागते. 'आता बरं वाटतंय' म्हणून ती मध्येच सोडणं हा सगळ्यात महागडा शहाणपणा. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, म्हणून डेक्सा स्कॅनबद्दल विचारा. केमोची काही औषधं आणि डाव्या बाजूचं रेडिएशन यांचा त्रास हृदयाला बऱ्याच वर्षांनी होऊ शकतो. तेव्हा बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघत राहायचं.

आणि ते डिस्चार्ज कार्ड! केमोच्या औषधांची नावं, डोस सगळं त्यावर असतं. आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी एखादा हार्टचा डॉक्टर नेमकं तेच मागेल.