आभाळ नागपूरचं, अंदाज भोपाळचा

छिंदवाड्याहून सिलेवानीचा घाट उतरलं की हवेतला फरक अंगाला जाणवतो. छिंदवाडा समुद्रसपाटीपासून पावणेसातशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, तर सौंसर त्याच्या बरंच खाली. फेब्रुवारीत वरच्या पठारावर संध्याकाळी शेकोट्या पेटतात तेव्हा सौंसर-पांढुर्ण्यात दुपारचं ऊन चांगलंच चटके देऊ लागलेलं असतं. सातपुड्याच्या या दक्षिण उताराचं हवामान विदर्भाचं आहे. हवामान खात्याच्या नकाशावर मात्र तो ‘पूर्व मध्य प्रदेश’ या विभागात येतो, म्हणजे रीवा-सिंगरौलीच्या सोबतीला. भोपाळच्या बातमीत ‘पूर्व मध्य प्रदेशात तुरळक पाऊस’ असं आलं, तर तो आपल्या बगीच्यावर पडणार की चारशे किलोमीटर दूर, हे त्यावरून कळत नाही.

‘होळी जळाली, थंडी पळाली’ असं आपण म्हणतो, पण थंडी अशी एका रात्रीत जात नाही. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ सरकू लागला की इथला उत्तरेचा कोरडा वारा थांबतो, आभाळ भरून येतं आणि रात्री उबदार होतात. विक्षोभ पुढे गेला की उत्तरेचा वारा परततो आणि पहाटे पुन्हा गारठा. फेब्रुवारीभर ही ये-जा चालते. नागपूरचं सरासरी कमाल तापमान फेब्रुवारीत ३२ अंशांच्या आसपास असतं, मार्चमध्ये ते ३६ च्या पुढे जातं. पांढुर्ण्याचा पाराही साधारण त्याच वाटेने चढतो.

खरी भीती असते ती याच दिवसांतल्या गारपिटीची. बंगालच्या उपसागरावरच्या प्रतिचक्रवाताभोवती फिरणारा दमट वारा आग्नेयेकडून विदर्भात शिरतो. वर, आठ-दहा किलोमीटरवर, पश्चिमेचा थंड, कोरडा वारा वेगाने वाहत असतो. दुपारी जमीन तापली की खालची दमट हवा उसळून त्या थंड थरात घुसते आणि ढग उंच चढत जातो. मे महिन्यातही असे ढग होतात, पण तेव्हा शून्य अंशाची पातळी जास्त उंचावर असते आणि लहान गार वाटेतच वितळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती पातळी खाली असते, म्हणून गार अख्खी जमिनीवर येते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोघांनीही हे भोगलं.

संत्र्याच्या झाडाला याच वेळी गारपिटीचा मार सर्वाधिक बसतो. मृग बहाराची तयार फळं तोडणीला आलेली असतात आणि ताण तोडून पाणी दिलेल्या बगीच्यात आंबिया बहाराची पांढरी फुलं उमललेली असतात. दहा मिनिटांच्या गारांत या वर्षीचं पीक आणि पुढच्या हंगामाचं पीक, दोन्ही जातात. गार लागलेलं फळ लगेच गळतंच असं नाही. सालीवर आधी खोलगट डाग पडतो, मग तो तपकिरी होतो, आत बुरशी शिरते आणि काही दिवसांनी फळ देठापासून सुटतं. पंचनाम्याला पटवारी येतो तेव्हा अशी डागाळलेली फळंही त्याला दाखवावीत. नुकसान फक्त जमिनीवरच्या सड्यावरून मोजू देऊ नये.

उष्णतेचा धोका गारपिटीसारखा एका दुपारी दिसत नाही, पण तो वाढतो आहे. देशात १९०१ पासूनच्या नोंदींत २०२२ चा मार्च सर्वांत उष्ण ठरला आणि २०२३ च्या फेब्रुवारीने कमाल तापमानाचा विक्रम मोडला. दाणा भरताना असं ऊन लागलं की उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा बारीक राहतो. नुकतं धरलेलं, वाटाण्याएवढं संत्रंही मोठ्या प्रमाणात गळतं. अशा वेळी बागेला एकदम भरपूर पाणी सोडण्यापेक्षा थोडं थोडं, वेळेवर दिलेलं बरं.

माझं म्हणणं एवढंच की, या दोन महिन्यांत पांढुर्णा-सौंसरच्या शेतकऱ्याने उत्तरेइतकंच दक्षिणेकडेही पाहावं. नागपूरचं डॉप्लर रडार जवळ आहे आणि त्याच्या चित्रांत विदर्भातून वर सरकणारे ढग आधी दिसतात. हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असावं. सोंगलेला हरभरा शेतात उघडा ठेवू नये, गंजीवर ताडपत्री तयार असावी. वीज कडाडू लागली की झाडाखाली थांबू नये, मग तोडणी अर्धी राहिली तरी चालेल.

गारा पडून गेल्यावर मोडलेल्या फांद्या छाटून जखमांवर बोर्डो पेस्ट लावावी, गळालेली फळं गोळा करून पुरावीत आणि बागेवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावं. फुलोऱ्यात असलेल्या झाडांवर मात्र कीटकनाशक टाळावं, कारण त्या दिवसांत मधमाश्या फुलांवर असतात.

पांढुर्णा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. सौंसरही त्यात आलं. आता संत्रा पट्ट्यासाठी वेगळा कृषी हवामान सल्ला हवा, तोही मराठीत, आणि नागपूरच्या रडारवरून काढलेला.