कचेरी जवळ आली, सत्ता केव्हा येणार?

मध्य प्रदेशाच्या नकाशावर ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा नवा जिल्हा उमटला. छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली वेगळ्या काढून तो बनविण्यात आला. त्याआधी ऑगस्टमध्ये सौंसरजवळच्या जामसावळी येथील हनुमान मंदिराच्या परिसरात तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी त्याची घोषणा केली होती. विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना झालेल्या या घोषणेमागचे राजकारण न समजण्याइतके कोणी भोळे नाही. तथापि, तेवढ्यावरून जिल्ह्याची निकड खोटी ठरत नाही. सौंसरच्या माणसाला जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीतील एका कागदासाठी सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला जावे लागत असे, आणि पांढुर्ण्याच्या माणसाला त्याहूनही दूरचा पल्ला पडे. साहेब रजेवर असले म्हणजे दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे दोन्ही बुडाले. ही पायपीट वाचली याचा आनंद तेथील जनतेला झाला असेल तर तो योग्यच होय.

आमच्या वाचकांना या दोन गावांची आठवण करून देण्याचे कारण एवढेच नव्हे की तेथे आपली भाषा बोलली जाते. नागपूरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या बागांत वसलेला हा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाबरोबर न येता मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी दुहेरी वहिवाट तेथील माणसाने सहा दशकांहून अधिक काळ निमूटपणे सांभाळली आहे. परंतु आज आम्हांला त्या मुलखाकडे पाहावेसे वाटते ते एका निराळ्या प्रश्नासाठी. कचेरी जवळ आली म्हणजे सत्ता जवळ येते काय? हा प्रश्न पांढुर्ण्याचा आहे तितकाच पणजीचा, म्हापशाचा आणि मडगावचाही आहे.

प्रशासनाचे विकेंद्रीकरण आणि सत्तेचे विकेंद्रीकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. नव्या जिल्ह्यात जिल्हाधिकारी आला, पोलीस अधीक्षक आला, परंतु त्यांची नेमणूक भोपाळहूनच होते आणि ते उत्तर देतात तेही भोपाळलाच. पांढुर्ण्याच्या एखाद्या गल्लीतील गटार तुंबले, नळाला चार दिवस पाणी आले नाही, दिव्याच्या खांबावरचा दिवा विझला, तर त्या गल्लीतील माणसाच्या हाती पूर्वी जेवढे होते तेवढेच आजही आहे, म्हणजे अर्ज. अर्ज देण्याचे ठिकाण जवळ आले, एवढीच काय ती प्रगती. निर्णय करणारा हात होता तेथेच आहे.

या दुखण्याचे मूळ आपल्या राज्यघटनेच्या दुरुस्त्यांतच सापडते. १९९३ साली दोन दुरुस्त्या अमलात आल्या. २४ एप्रिलपासून ७३ वी, ग्रामपंचायतींसाठी. आणि १ जूनपासून ७४ वी, नगरपालिकांसाठी. पहिलीने खेड्याला ग्रामसभा दिली. गावातील प्रत्येक मतदार तिचा सदस्य. त्याला कोणी निवडून द्यावे लागत नाही, नेमावे लागत नाही. दुसरीने शहराला असे काहीच दिले नाही. तिने प्रभाग समित्या सांगितल्या, पण त्यांची सक्ती केली ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत पांढुर्ण्याची वस्ती पंचेचाळीस हजारांच्या आसपास होती, सौंसरची त्याहूनही कमी. तेव्हा घटनेच्या या कलमाने त्यांच्याकडे पाहिलेच नाही. खेड्यापेक्षा मोठी म्हणून ग्रामसभा नाही आणि महानगरापेक्षा लहान म्हणून प्रभाग समितीचा आग्रह नाही, अशी या गावांची स्थिती झाली. ना घरचे, ना दारचे!

गोव्याच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. आपल्याकडच्या ग्रामसभा रविवारी कशा रंगतात, जमिनींच्या रूपांतरापासून खाणींपर्यंत आणि कचऱ्यापासून मोठमोठ्या प्रकल्पांपर्यंत सरपंचाला कसे धारेवर धरले जाते, हे आपण पाहतो. त्यांत गोंगाट असतो, पण त्या गोंगाटात सामान्य माणसाचा आवाजही असतो. हाच माणूस पंचायतीची हद्द ओलांडून नगरपालिकेच्या हद्दीत राहावयास गेला की मुका होतो. पाच वर्षांतून एकदा नगरसेवक निवडावा आणि मग त्याच्या मर्जीची वाट पाहावी. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यातील एकाही शहराची वस्ती तीन लाखांच्या जवळपासही नव्हती. पणजी महानगरपालिका झाली खरी, पण त्या जनगणनेत तिची लोकसंख्या पांढुर्ण्याहूनही कमी भरली. म्हणजे घटनेच्या दृष्टीने आपण आणि पांढुर्णेकर एकाच पंक्तीत बसलो आहोत, आणि दोघांच्याही पानात काही वाढलेले नाही.

नुसती विभागीय कार्यालये उघडून हा प्रश्न सुटत नाही, याचा दाखला मुंबईने दिला आहे. इंग्रजी अक्षरांनी ओळखली जाणारी मुंबईची विभाग कार्यालये जुनी आणि साधनसंपन्न आहेत. परंतु ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या सर्व काळात विभाग कार्यालये उघडी होती, कर भरून घेतला जात होता, दाखले दिले जात होते. नव्हता तो लोकांचा प्रतिनिधी. दार उघडे होते आणि घर रिकामे! अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९६८ पासून महापौर केव्हिन व्हाइट यांनी वस्तीवस्तीत छोटी नगरभवने उघडली होती. लोकांची सोय झाली, कौतुकही झाले. परंतु ती महापौरांच्या इच्छेवर उभी होती, महापौरांच्या राजकारणाची ठाणी म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. आणि १९८१ च्या सुमारास पालिकेची तिजोरी आटताच ती बंद पडली. जे कृपेने मिळते ते कृपा आटली की जाते. हक्काने मिळालेले असे सहजासहजी काढून घेता येत नाही.

याउलट, थोड्या अधिकारानेही काय साधते याची उदाहरणे आहेत. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून क्षेत्रीय कार्यालयांमार्फत छोट्या कामांच्या सूचना मागविण्यास आणि त्यांना अंदाजपत्रकात स्थान देण्यास आरंभ केला. पदपथ, दिवे, बसथांबे असल्या त्या सूचना. पण पैसा कोठे खर्चावा हे विचारले गेले, हे महत्त्वाचे. केरळने तर एक लाखापर्यंतच्या शहरांसाठी खेड्याप्रमाणेच वॉर्ड सभेची तरतूद आपल्या कायद्यात केली. म्हणजे घटनेने सक्ती केली नाही म्हणून राज्याचे हात बांधले गेले आहेत, असे नव्हे. मध्य प्रदेशाच्या कायद्यातही मोहल्ला समितीची तरतूद आहेच. उणीव आहे ती अशा समितीला बसावयास जागा, खर्चावयास पैसा आणि बोललेल्या शब्दाला वजन देण्याची.

मोहल्ल्याच्या बळावाचून कायदा किती दुबळा असतो हे पांढुर्ण्याइतके कोणाला ठाऊक असणार? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. नदीत रोवलेल्या पळसाच्या झाडावरील झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो, शेकडो माणसे जखमी होतात, प्राणही गेले आहेत. जमावबंदीचे हुकूम निघाले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पोलीस आणि रुग्णवाहिका उभ्या राहिल्या. गोटमार थांबली नाही. वरून आलेला हुकूम नदीच्या काठापाशी येऊन थांबतो. ही प्रथा कधी बदललीच तर ती दोन्ही काठांवरच्या मोहल्ल्यांनी एकत्र बसून, आपल्या देवीची आणि परंपरेची बूज राखून बदललेली असेल. सणाच्या आधी एकदा भरणाऱ्या शांतता समितीच्या बैठकीने ते होणार नाही. वर्षभर एकत्र बसण्याची सवय आणि जागा असेल तरच ते होईल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पांढुर्णा आणि सौंसर येथील पालिकांनी तीन-चार वॉर्ड मिळून एक मोहल्ला कचेरी उघडावी. इमारतीचा थाट नको. शाळेची एक खोली संध्याकाळी पुरेल. तेथे घरपट्टी भरावी, जन्ममृत्यूची नोंद व्हावी, तक्रार लिहून घेतली जावी, आणि ती मराठीत सांगितली तर मराठीत ऐकली जावी. ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळावे. वर्षातून निदान दोनदा त्या भागातील सर्व मतदारांची सभा भरावी, झालेल्या कामांचा हिशेब तेथे वाचून दाखवावा, आणि पालिकेच्या उत्पन्नाचा एक निश्चित भाग कोठे खर्चावा हे त्या सभेने ठरवावे. हे शेवटचे कलम गाळले तर बाकीची सारी केवळ टपाल कचेरी ठरेल.

यावर नगरसेवक म्हणतील, मग आम्ही कशाला? आम्ही म्हणू, सभेने ठरविलेले तडीस नेण्याला. कोणी म्हणेल की मोहल्ल्यातही दांडगे असतात, जात असते, भाऊबंदकी असते. असते खरी, आणि म्हणूनच सभा उघड्यावर, सर्वांसमक्ष भरावी. बंद दाराआडचा दांडगा उघड्या सभेतल्या दांडग्याहून अधिक धोक्याचा असतो. स्त्रिया आणि मजूर यांना येता येईल अशी वेळ ठेवावी. ज्या घरात पाणी भरण्याचे काम बाईकडे आहे, त्या घरातून पाण्याचा प्रश्न मांडावयास बाईच आली पाहिजे.

हल्ली सरकार दारी येण्याची प्रथा पडली आहे. महाराष्ट्रात ‘शासन आपल्या दारी’ आले, गोव्यातही सरकार दारी येऊन गेले. मांडव पडतो, दाखले वाटले जातात, सायंकाळी मांडव उतरतो आणि सरकार आपल्या घरी परत जाते. पांढुर्ण्याला जिल्हा मिळाला ही चांगली गोष्ट झाली. परंतु पाहुणा म्हणून दारी येणारे सरकार आणि शेजारी म्हणून गल्लीत राहणारे सरकार यांत फरक आहे. पाहुण्याचे स्वागत करावे लागते. शेजाऱ्याला जाब विचारता येतो. पांढुर्ण्याच्या आणि पणजीच्याही नागरिकांनी यापुढे मागावयाचा तो हा शेजार होय.