यादीत किसन सापडत का नाही?

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीमुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. राज्यभरातल्या जुन्या दप्तरांचे रुमाल सुटले आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. आपल्या नगर जिल्ह्याला (आता अहिल्यानगर) मोडी परकी नाही. चौंडीच्या अहिल्याबाईंचा कारभार मोडीतच चालला आणि १७९५च्या खर्ड्याच्या लढाईचा पत्रव्यवहारही मोडीतच झाला. पण वाचलेली नोंद संगणकात ‘जशीच्या तशी’ उतरवायची म्हटलं, की खरी पंचाईत होते.

मोडी ही घाईची लिपी. कारकून आधी कागदभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जाई. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचाही घोळ नाही: वेलांटी बहुधा दीर्घ, उकार ऱ्हस्व. माणसाचं त्यावाचून काही अडत नसे.

या लिपीचा टाइप नवा नाही. विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० साली मोडी टाइपात छापला गेला तो श्रीरामपूरला. आपलं नव्हे, बंगालमधलं. संगणकाची पाळी मात्र फार उशिरा आली. अंशुमन पांडे यांनी २०११ मध्ये प्रस्ताव मांडला आणि जून २०१४च्या युनिकोड ७.० मध्ये मोडीला ७९ चिन्हं मिळाली. देवनागरी ‘क’चा क्रमांक २,३२५, मोडी ‘क’चा ७१,१८२. संगणक साठवतो तो हा क्रमांक. आकार काढणं हे फॉन्टचं काम.

युनिकोडने मोडीतही ऱ्हस्व आणि दीर्घ इकाराला वेगवेगळे क्रमांक दिले आहेत. कागदावर मात्र वेलांटी एकच. टंकणाऱ्याने काय टंकायचं? डोळ्यांना दिसतं ते ‘कीसन’, की कानांना ठाऊक असलेलं ‘किसन’? एकाने असं, दुसऱ्याने तसं टंकलं, की दोघांच्या याद्या एकमेकींना ओळखत नाहीत.

हे दुखणं एकट्या मोडीचं नाही. वरून खाली लिहिली जाणारी पारंपरिक मंगोल लिपी १९९९ मध्ये युनिकोडमध्ये आली. तिथे क्रमांक दिले ते उच्चाराला. त्या लिपीत ओ आणि उ यांचा आकार एकच. त आणि द हेही बहुतेक जागी सारखेच दिसतात. त्यामुळे चुकीच्या कळा दाबूनही शब्द पडद्यावर अगदी बरोबर दिसतो, आणि शोधायला गेलं की हाती लागत नाही. शिवाय अक्षराचं नेमकं रूप उमटवायला मध्ये अदृश्य चिन्हं पेरावी लागतात. मंगोलियात २०२५पासून सरकारी कागद सिरिलिक आणि ही पारंपरिक अशा दोन्ही लिप्यांत काढण्याचा कायदा आहे. तिथल्या कारकुनांची मला काळजीच वाटते.

आपल्या मोबाइलमध्येही हे घडतं. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: नुक्त्याच्या ‘ऱ’पासून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. दिसायला फरक शून्य, पण एका पद्धतीने टंकलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर साध्या शोधात निसटू शकतो.

माझ्या मते दप्तरांसाठी दोन रकाने हवेत. पहिल्यात कागदावर आहे तसं मोडी, एकाच ठरलेल्या वेलांटीने. दुसऱ्यात आजच्या शुद्धलेखनातलं नाव. शोध दुसऱ्यात घ्यायचा आणि शंका आली की पहिला रकाना मूळ पानाशी ताडून पाहायचा.